सात खुर्दादची पंचमी

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आमच्या घराण्यात वेळेवर चालणारं जे एकमेव माणूस होतं, तेही गेल्या महिन्यात थांबलं. गंगाक्का, माझी चुलत बहीण, गेली. तार आली तेव्हा मी शिरस्त्याप्रमाणे एका लग्नाला उशिरा निघालो होतो... कृपा करून कुणी हळहळू नये. हळहळायला तिनं आयुष्यात वेळ ठेवला नव्हता, मीही ठेवणार नाही.

निजामाच्या अमलातलं आमचं धाराशिव. शाळा उर्दूतून, आणि मुलीनं शिकायचं ते घरकाम उरकून. अभ्यासाला वेळ मागितला की काकू, म्हणजे तिची आई, फटकारायची, "वेळ काय झाडाला लागतो व्हय गं?" गंगाक्कानं मागणंच सोडलं. कामातूनच वेळ काढला. निजामाचे सगळे पूर्वज तिनं ओवीत बसवले. जात्यावर बसली की एकेकाला गादीवर चढवायची आणि दळण संपेस्तोवर उतरवायची. भाकरी पलटायच्या आत तोंडी गणिताचं उत्तर आलंच पाहिजे. नावडतं व्याकरण सगळ्यांत आधी, अंग ताजं असताना. मी मात्र पुस्तकाला पुठ्ठा घालून, बैठक झटकून, जणू मुहूर्ताची वाट बघत बसायचो. ती म्हणायची, "तुझी तयारीच लई. अभ्यास कुठंय?"

मिडलची परीक्षा आली. पास झाली तर पुढं शिकायचं, नाहीतर लग्न, असं तिच्या वडिलांनी, अण्णांनी, बजावलेलं. शाळेनं सांगितलं, परीक्षा सात खुर्दादला, दुपारी. सरकारचे महिने फसली सालाचे, खुर्दाद त्यातलाच; आमच्या घरचे चैत्र-वैशाख. अण्णांनी सात म्हणजे सप्तमी असं परस्पर ठरवलं आणि मुलगी बघायला पाहुण्यांना पंचमीला बोलावलं. आणि ती पंचमी नेमकी सात खुर्दादलाच! गंगाक्कानं चूक दाखवली, तर अण्णा म्हणाले, "सांगावा गेलाय. परीक्षा काय, पुढल्या वर्षी बी येती." ती वाद घालत बसली नाही. "मग पाहुण्यांना सकाळीच बोलवा," एवढंच म्हणाली. अण्णांना वाटलं, पोरगी वठणीवर आली!

पाहुणे आले. ती पाटावर बसली. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "मुलीला काय काय येतं?"

"स्वयंपाक येतो, तो झालाय. उर्दू येतं, ते आता लिहायचंय. तुम्ही पोहे खाऊन घ्या, गार व्हतील. मी निघते."

आणि पदर खोचून खरोखरच निघाली की! पाहुण्यांचा हात बशीतच राहिला. अण्णा उभे राहिले. काकू तीरासारखी तिच्या मागं धावली. आता झिंज्या धरून परत आणणार, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून... आणि उंबऱ्यात थांबून, पाहुण्यांदेखत, काकू ओरडली, "अगं कारटे, दौत राहिली की!"