मालक नसलेले प्रोग्राम

आमच्या जिनिंगमध्ये कापूस साठून राहत नाही, गाठी बांधून निघून जातो. किस्से मात्र कुठेच जात नाहीत! आम्ही जुने लोक चहाला बसलो की एकानं एक काढायचा, दुसऱ्यानं त्याला तिखटमीठ लावायचं.

कापसाचे वाईट दिवस होते. अर्धी यंत्रं बंद. अशा वेळी हेड ऑफिसनं ठरवलं की सॉफ्टवेअर नवं पाहिजे! पुण्याहून सौरभ नावाचा तरुण इंजिनियर आला. कंपनीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आमच्या सोयीसाठी जे प्रोग्राम घुसवले होते, त्यांची यादी त्याच्याकडे होती. नियम असा, की अशा प्रत्येक घरच्या प्रोग्रामला एक मालक पाहिजे. त्यानं चाचणी करायची, फॉर्मवर सही करायची. मालक नाही, तर प्रोग्राम डिलीट.

सहीचं नाव निघालं आणि ऑफिस ओस पडलं. मी स्वतः स्टोअरचा माणूस, दोन दिवस गोडाऊनमध्ये बारदान मोजत बसलो.

*

सौरभनं खरेदी मॅनेजर वानखडे साहेबांना गाठलं. "सर, सकाळचा आवक रिपोर्ट तुम्हीच बघता ना?"

"रोज बघतो. त्याच्याबिगर मले चहा जात नाही."

"मग मालक म्हणून सही करा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मी कायले मालक होऊ? मी तं नोकर मानूस!"

*

यादीत दर सोमवारी छापला जाणारा एक जाडजूड रिपोर्ट होता. ज्या साहेबांनी तो मागितला होता, त्यांची बदली पुसदला होऊन जमाना झाला होता. सौरभ खूश, निदान एक तरी बिनधास्त उडवता येईल!

शिपाई नामदेव धावत आला. "साहेब, तो बंद नका करू! गेटवरचा भजेवाला कायच्यात बांधून देईन?"

सौरभ तेव्हा भजीच खात होता. त्यानं हातातला कागद उलगडून पाहिला आणि 'नियमित वापर आहे' असं लिहून टाकलं.

*

हे सगळे प्रोग्राम लिहिले होते सलीमभाईंनी. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोडून कॉम्प्युटरवर आलेला माणूस. एका प्रोग्राममध्ये त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'याले हात लावू नये.'

"काहून नाही लावायचा?" सौरभनं त्यांना विचारलं. चार दिवसांत पोरगा आमची भाषा शिकला होता.

"मालूम असतं तं मीच नसता लावला?"

सौरभनं लावला. चाचणीत यार्डातल्या सगळ्या कापसाची ओल शून्य दिसायला लागली! वानखडे साहेब धावत आले. "हेच राहू द्या हो! ओलीवरून हेड ऑफिस रोज बोंबलते."

*

शेवटी एका प्रोग्रामपाशी गाडी अडली. झरी जामणीच्या गाड्या जंगलातून यायच्या, पोचेपर्यंत दुपार. तोवर जवळच्या दारव्ह्याकडच्या गाड्यांची रांग लागलेली. झरीवाले दोन-दोन दिवस यार्डात उघड्यावर पडून राहायचे. म्हणून सलीमभाईंनी रांगेत दर चार गाड्यांमागे झरीची एक घेणारा प्रोग्राम लिहिला होता. आता त्यालाच मालक मिळेना. लिहिणाऱ्याची सही चालत नव्हती, वापरणाराच पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी तो उडणार होता.

सलीमभाई उठले, यार्डात गेले आणि भीमराव टेकामांना घेऊन आले. टेकामकाका झरीकडचे शेतकरी, सकाळीच निघून कापसाची गाडी घेऊन आलेले.

वानखडे साहेबांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा इथं लावा."

काकांनी खिशातून चष्मा काढला, मग पेन. अख्खा फॉर्म वाचला. मला माझ्या बारदानाची लाज वाटली.

"चाचनी केली, असं लिवलं हाय इथं. कोनं केली?"

"तुमीच तं पाच वर्सं करून राह्यले," सलीमभाई म्हणाले.

काकांनी ठसठशीत सही केली. मग टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "हे कायचे?"

"यांना मालक नाही," सौरभ म्हणाला. "उद्या डिलीट."

"आना इकडं. आलोच हाव तं करून टाकतो."

सौरभनं गठ्ठा पुढे सरकवला. सगळ्यात वर सकाळच्या आवक रिपोर्टचा फॉर्म होता. काकांनी तोही पूर्ण वाचला आणि वानखडे साहेबांकडे पाहिलं.

"हा तुमचा हाय का?"

साहेब शाईचा पॅड आवरायला लागले.

"असू द्या," काका म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.