निळ्याचं बिऱ्हाड

आमच्या प्रवाळांच्या टाकीत बोटाएवढा एक निळा मासा आहे. तोरा असा, की अख्खा समुद्र जणू त्याच्याच नावावर! मी सोफ्याला शोभतील असे मासे आणायचो, तो त्यांना धू धू धुवायचा आणि मी ते खाली मान घालून दुकानात परत करायचो. परवा पिवळा आणला, तेव्हा बायकोने बजावलं, "अहो, हाही परत गेला तर टाकीत कोथिंबीर लावीन."

ही लग्न होऊन आली, तेव्हा तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले आणि कुठे काय ठेवलं ते स्वतःच विसरली होती. मग ती आणि आई, दोघी मिळून साखर शोधत हसत सुटल्या होत्या. ते आठवून मी पिवळ्याला सोडण्याआधी टाकीतले दगड इकडचे तिकडे केले. निळा आपली कपार शोधत भिरभिरला, पिवळाही भिरभिरला. दोघंही नवखे, मग भांडायचं कशावरून? माणसांचंही निम्मं वैर 'ही माझी जागा' एवढ्यावरच तर उभं असतं.

आज सकाळी दोघं शेजारी शेजारी चरताना दिसले. मी आरोळीच ठोकली. कणकेच्या हातांनी ती धावत आली, बघतच राहिली.

"अगंबाई, जमलं की तुम्हाला!"

संसारात हे वाक्य पहिल्यांदाच कानी पडलं. मी ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.