बाटलीवरची मावशी

माझे धाकटे दीर पुण्याहून आले की मिरवायला काहीतरी आणतातच. या मे महिन्यात त्यांनी जिनची बाटली आणली. "वहिनी, ही तसली दारू नाही हं, क्राफ्ट जिन आहे," असं म्हणत त्यांनी ती माझ्या ओट्यावर, थेट दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवली. मग आत काय काय आहे ते सांगायला लागले. जुनिपर नावाचं पहाडी फळ, धने, वेलदोडे, वाळा, लिंबाची साल. या सगळ्याला ते बोटॅनिकल्स म्हणत होते. आमच्याकडे याला मसाला म्हणतात, असं मी सुनावणारच होते, तेवढ्यात माझी नजर लेबलवर गेली.

लेबलवर माझी मावशी होती.

फोटो नव्हता, चित्र होतं. पण डोक्यावरचा पदर तिचा, हनुवटीवरचे गोंदलेले तीन ठिपके तिचे आणि डाव्या भुवईतली खोकही तिचीच. ती खोक तिच्या नवऱ्यानं तांब्या फेकून मारला तेव्हाची. चित्रकाराला ती फारच आवडलेली दिसली, कारण मन लावून काढली होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही साल सोलापूरच्या उन्हात गावच्या बायकांनी वाळवली आहे. दीर पुढं काहीतरी बोलत होते. मला एक शब्द ऐकू येत नव्हता.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सोलापूरहून कुंभारीच्या पुढं तिचं गाव आहे. तिचे यजमान, आमचे काका, दारूपायी गेले. त्यानंतर ही बाई घरोघर फिरली, शिव्या खाल्ल्या, दारूचं दुकान हवं की नको यावर गावात मतदान घ्यायला लावलं. बायकांनी रांगा लावून 'दुकान नको'च्या आडव्या बाटलीवर शिक्के मारले आणि दुकान बंद झालं. आजही तिच्यासमोर कुणी झोकांड्या देत येत नाही.

त्याच बायकांनी पुढं लिंबाची साल वाळवायचं काम धरलं. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, धोतरं अंथरायची, साल पातळ पसरायची, वर मच्छरदाणी लावायची. पुण्याची एक कंपनी माल न्यायची. त्यांचा माणूस येऊन बायकांची नखं तपासायचा, एकदा मावशीचा फोटोही काढून घेऊन गेला. साल वाळत असताना शेजारी मिरची कांडायची नाही, वास लागतो, असा त्याचा दंडक होता. एवढं सोवळं बघून बायकांनी ठरवूनच टाकलं की माल औषधाला जातो. विचारलं कुणीच नाही. मीही नाही. एकदा टेम्पोचा ड्रायव्हर पिऊन आला तर मावशीनं त्याला मालाला हात लावू दिला नाही. "औशदाला दारूड्याचा हात नगं," म्हणाली आणि टेम्पो मोकळाच परत लावून दिला.

आता हे तिला सांगायचं कसं? न सांगावं, तर आज ना उद्या गावातलंच कुणीतरी ही बाटली तिच्या नाकासमोर नाचवणार. सांगावं, तर त्या बायकांचं हक्काचं तेवढंच एक काम हातचं जायचं. शेवटी बाटली टॉवेलात गुंडाळली आणि स्कूटी काढली. "वहिनी, जपून, महाग आहे," एवढंच दीर म्हणाले. त्यांना काय बोलणार, कप्पाळ.

माळवदावर मावशी आणि पाच-सहाजणी होत्या. मी बाटली तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मावशी चित्राकडं बघत राहिली. मग तिनं भुवईवर बोट ठेवलं. "खोक बी काढली की," म्हणाली. आवाज अगदी साधा होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

मावशीची शेजारीण तेवढ्यात फणकारली. "आपण काय पितोय व्हय? आपण साल वाळवतो. फुडं त्यांनी काय का करंना. काम सोडून काय दुसऱ्याच्या रानात रोजगाराला जायचं का ह्या उनात?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मलाही तिचं पटत होतं.

मावशीनं बूच काढलं आणि बाटली नाकाशी नेली. मी दचकलेच. तिनं पुन्हा वास घेतला, लांब, डोळे मिटून. मग बाटली शेजारणीच्या हातात दिली.

"लिंबाचाच वास हाय," शेजारीण म्हणाली. तिला हायसं वाटलेलं दिसलं. "दारूगत काईच न्हाय."

"व्हय," मावशी म्हणाली, "त्येच की." आणि खाली बसली. "तुज्या काकाचा वास कोपऱ्यावरनंच यायचा. आला की लेकरं उचलायची आन् मागल्या दारानं पळायची. असला वास आला असता, तर म्या म्होरलं दार उघडलं असतं गं."

  लेकरं घेऊन मावशी पळायची ती याच शेजारणीच्या घरी. तिनंच बाटलीला बूच लावलं आणि म्हणाली, "उद्या टेम्पो आला तर त्येला सांगू, हितं आता साल मिळायची न्हाय म्हणून."