वजन नसलेल्या मालाचा भाव

आमच्या घरात आजवर एकच वस्तू अशी तयार झाली जिला वजन नव्हतं, आणि तिचा भाव मी ठरवला.

मी गलाई करणारा माणूस. सोनारांकडचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून देणं हा आमचा धंदा. विट्याजवळच्या गावातून आठवी अर्धी टाकून मामाच्या मागोमाग कोलकात्याला आलो, तेव्हा मला बंगाली येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं आणि मामाच्या मते मराठीही बेताचंच होतं. पण या शहराने मला कधी शाळेचा दाखला विचारला नाही. नंदीबाबू म्हणून एक म्हातारे सोनार होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरच्या बांगड्या माझ्या हातात ठेवल्या आणि स्वतः चहा प्यायला निघून गेले. (मी इतका घाबरलो, की ते परत येईपर्यंत काम सोडून नुसता बांगड्यांची राखण करत बसलो!)

आमची सायली मात्र इथलीच. कोलकात्याच्या बेहाला भागात जन्मली, वाढली. बोलते बंगालीत, भांडते मराठीत. इंजिनियर झाली, न्यू टाउनमधल्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं. मी ते देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, आणि ही म्हणाली, "पप्पा, मला नोकरी नको. मला आमचा गेम विकायचाय."

"कसला गेम?"

"कॉम्प्युटरवरचा. मी आणि माझी मैत्रीण मौमिता, दोघींनी केलाय. दोन वर्षं लागली. एक मांजर असतं, ते छपरांवरून उड्या मारत शेजाऱ्यांचा मासा पळवतं."

"त्याला पैसे कोण देईल? गॅलरीत उभी राहा, फुकट दिसतं!"

मंगलने, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझ्याकडे असं पाहिलं, की मी उरलेला चहा न पिताच कामावर गेलो. पण खरं सांगतो, अर्धवट शिकलेल्या माणसाला दारात आलेली पक्की नोकरी परत जाताना दिसली, की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. शेवटी मी अट घातली: महालयाला, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, गेम बाजारात आणायचा, दसऱ्यापर्यंत तीनशे लोकांनी विकत घेतला तर नोकरीचा विषय बंद. नाही घेतला, तर सोमवारी न्यू टाउनची बस.

"चालेल," सायली म्हणाली. "षष्ठीपासून सवलत ठेवणारे मी. दुर्गापूजेत तीनशे आरामात जातील."

आणि महालयाच्या आदल्या दिवशी तिला एकशे तीन ताप भरला.

मौमिता बजबजला आपल्या घरी गेलेली. सायली पांघरुणातून हात काढून म्हणाली, "पप्पा, गेम तिन्ही दुकानांत चढवलाय. फक्त किंमत टाकायची राहिलीय. तिन्हीकडे चारशे ऐंशी रुपये. कागदावर लिहून ठेवलंय सगळं. जमेल ना?"

जमेल ना! तीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला ही विचारते, भाव टाकायला जमेल ना!

ही दुकानं म्हणजे इंटरनेटवरची. एक खूप मोठं, एक मधलं आणि एक नवंच निघालेलं, धाकटं. मी चष्मा लावून बसलो आणि कागद वाचला. तिघांनाही चारशे ऐंशी? मला कसंतरीच झालं. बाजारात अशी वागणूक कुणी कुणाला देत नाही. आम्ही गलाईवाले प्रत्येक सोनाराला वेगळी मजुरी सांगतो, आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन म्हणतो, "हे फक्त तुमच्यासाठी हं, कुणाला बोलू नका." हा खोटेपणा नव्हे, हा मान असतो! नंदीबाबू वीस वर्षं या एका वाक्यावर खूश होते.

तेव्हा मी विचारपूर्वक भाव टाकले. मोठ्या दुकानाला चारशे ऐंशी, कारण ते आपल्याकडून कमिशनही जास्त कापतं. मधल्याला चारशे वीस. आणि धाकट्याला साडेतीनशे. बिचारं नवीन आहे, कुणीतरी हात द्यायला हवा. मलाही कुणी दिला होताच की. मग खाली लिहायला एक रिकामी चौकट दिसली. दुकानदाराला निरोप द्यायची जागा असणार! मोबाइलवर मराठीचं इंग्रजी करून घेतलं आणि तिन्हीकडे लिहिलं: 'ही किंमत फक्त तुमच्यासाठी. बाकी दुकानांना सांगू नका. घरच्यांना नमस्कार.'

ती चौकट दुकानदारासाठी नव्हती. ती गिऱ्हाइकांसाठी होती.

दुसऱ्या दिवशी गेम जगभर खुला झाला आणि प्रत्येक देशातल्या माणसाला तिन्ही दुकानांत तीन वेगळ्या किमती दिसल्या, आणि तिन्हीखाली माझा तोच गुप्त निरोप! संध्याकाळपर्यंत तिन्ही पानं शेजारीशेजारी लावून कुणीतरी फोटो फिरवला होता. लोक खाली लिहीत होते. मी एकेक वाक्य मोबाइलकडून मराठीत करून घेतलं. एकाने लिहिलं होतं, 'आमच्या आजीनेही तुम्हाला उलट नमस्कार सांगितलाय.' मला वाटलं, वा, माणसं चांगली आहेत!

तिसऱ्या दिवशी मोठ्या दुकानाचं पत्र आलं. त्यात नमस्कार नव्हता. दुसरीकडे स्वस्त आणि आमच्याकडे महाग, असं आमच्या करारात बसत नाही. दोन दिवसांत भाव सारखे करा, नाहीतर गेम काढून टाकू.

मी पत्र पुन्हा एकदा मराठीत करून पाहिलं. आत सायली तापाने फणफणलेली. मंगल तिच्या कपाळावरची पट्टी बदलत विचारते, "काय हो, चेहरा का उतरला?"

"काही नाही. गिऱ्हाइकी जोरात आहे."

आता भाव सारखे करायचे, तर मोठ्याचा उतरवायचा की बाकी दोघांचा चढवायचा? कुठल्याही बाजारातल्या माणसाला विचारा. भाव उतरवला म्हणजे मालात खोट आहे अशी कबुलीच! मी धाकट्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि दोघांनाही चारशे ऐंशीवर नेऊन बसवलं. मोठ्या दुकानाचं समाधान झालं. मीही सुटकेचा निःश्वास टाकला आणि पंचमीपर्यंत छान झोपलो.

पंचमीला सकाळी मौमिता बजबजहून लोकलने आली. दुसऱ्या दिवसाची सवलत लावायला कॉम्प्युटर उघडला आणि तिथूनच ओरडली, "काकू! दाम के बाडालो?"

(बंगालीत काकू म्हणजे काका. आणि भाव कुणी वाढवला, हे ती विचारत होती. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मीच.)

"का गं, काय झालं?"

"भाव चढवला की तीस दिवस सवलत देता येत नाही, काकू! दोन्ही दुकानांचा नियम आहे. आधी चढवायचं आणि मग सूट दाखवायची, असं कुणी करू नये म्हणून."

नियम अगदी योग्य होता. (बंगाली वर्ष संपताना आमच्या इथे लागणाऱ्या चैत्र सेलला तो लावला तर अर्धी बाजारपेठ बंद पडेल!) पण त्या दोन दुकानांत सवलत नाही म्हटल्यावर मोठ्या दुकानातही देता येईना, कारण भाव सारखे हवेत. म्हणजे पूजेत सगळं शहर सवलतीत, आणि एकटं आमचं मांजर पुऱ्या किमतीला!

मी सगळं कबूल केलं. सायली उशीला टेकून ऐकत होती. मग भिंतीकडे वळली. मंगल मात्र मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"खरं सांगा. मुद्दाम केलंत ना? तिने नोकरीच धरावी म्हणून?"

"आईशपथ नाही गं!"

"अट तुमची, आणि खोडाही तुम्हीच घातलात. लोक काय म्हणतील ते सोडा, पोरगी काय म्हणेल?"

त्या पूजेत मी एकही मंडप नीट पाहिला नाही. सप्तमीला एकूण विक्री एक्काहत्तर. अष्टमीला ब्याण्णव. दसऱ्याला दुपारी एकशे सव्वीस. बाहेर पूजेचे ढाक-ढोल वाजत होते, बायका एकमेकींना कुंकू फासत होत्या, आणि आमच्या घरात सायली ऑफिसला घालायचे कपडे इस्त्री करत होती. शांतपणे. भांडत असती तर बरं वाटलं असतं, निदान मराठी तरी ऐकू आलं असतं.

"अट म्हणजे अट, पप्पा. सोमवारी जाते मी."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. "अट गेली खड्ड्यात. माल तुझा चांगला होता, भाव मी बिघडवला. तुला वेळ देतो. बोल, किती हवा?"

डोळे पुसत ती म्हणाली, "तीन वर्षं."

"तीन? सहा महिने देईन!"

"पप्पा! दोन तरी."

"एक. एका दिवसानेही वर नाही."

"जाऊ दे मग, मी इस्त्री चालू करते."

"थांब, थांब! दीड. शेवटचं बोललो. पटत असेल तर हो म्हण."

"...ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणून."

तीन वर्षांची मागणी निम्म्यावर आणली! एवढ्या नामुष्कीनंतर निदान बाजारातला हात तरी शाबूत असल्याचं समाधान वाटलं. मी खुशीत जाऊन रसगुल्ल्यांचं मडकं घेऊन आलो. दारात चप्पल काढत होतो, तेव्हा आतून मंगलचा आवाज आला.

"किती मिळाले?"

"दीड वर्ष!"

"अगं, तुला तर सहाच महिने पुरणार होते ना?"

"हो, पण पप्पांनी सुरुवातच सहा महिन्यांपासून केली. मग मी कशाला थांबू?"

मी मडकं घेऊन तसाच दारात उभा राहिलो. चांगले चोवीस रसगुल्ले आणले होते. माझ्या विजयाचे!