चुन्याखालची भेग

सत्तरच्या दशकात मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ओव्हरसिअर होतो. पुढच्या दहा वर्षांत जिल्ह्यातल्या कोणत्या इमारती आधी बांधायच्या, त्याची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळा, दवाखाने, बाळंतपणाच्या खोल्या, सगळं गावोगाव जाऊन पाहायचं आणि गुण द्यायचे. इमारत जितकी मोडकळीला आलेली, तितके गुण जास्त. हा नियम मीच सुचवला होता आणि त्याची मला बरीच घमेंड होती.

नरखेड तालुक्यातल्या एका गावी बाळंतपणाची खोली पाहायला गेलो. दाराला आंब्याचं तोरण, अंगण सारवलेलं, भिंती पांढऱ्याशुभ्र. तिथल्या नर्सबाई पन्नाशीच्या. आसपासच्या चार गावांतली लेकरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांनी मला संत्री सोलून दिली, तीही शिरा काढून. मी खुशीत ‘स्थिती उत्तम’ लिहिलं आणि ती खोली यादीच्या तळाला गेली.

महिनाभरानं त्या मीटिंगसाठी नागपूरला आल्या आणि माझ्या टेबलाशी येऊन खोलीचा यादीतला नंबर विचारला. मी सांगितला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की मागची भिंत आणखी दोन पावसाळे काढणार नाही. मग ती मला कशी दिसली नाही, असं मीच चढ्या आवाजात विचारलं.

“तुम्ही येऊन राहिले होते ना जी,” त्या म्हणाल्या, “म्हणून बायांनी चुना मारला. पाहुण्याले फुटकं घर कोणी दाखवते का?”

यादी वरिष्ठांकडे जायला चार दिवस उरले होते. दुसऱ्याच दिवशी न कळवता मी गावी पोचलो, खुरपं मागितलं आणि मागच्या भिंतीचा चुना खरवडला. खालच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. छपराच्या कवेलूंखाली रंगीत लुगडी ताणलेली होती. मागच्या खेपेला ती मला सजावट वाटली होती. ती गळतीसाठी होती. मला स्वतःची लाज वाटली. तिथेच उभ्यानं मी गुण बदलले आणि खोली तिसऱ्या नंबरावर आणली.

नर्सबाईंना ते सांगितलं, तर त्या मान डोलावून घमेल्यात चुना कालवायला बसल्या. आता कशाला हा खटाटोप, मी म्हटलं, दोन-तीन वर्षांत नवी खोली होईल.

“होईल तवा होईल जी. उद्या एक पोरगी येऊन राहिली, पहिलटकरीण. तिले भेग काहून दाखवायची?”

मी बाह्या वर सारल्या आणि भेगेत माती भरायला बसलो. मागून त्या चुन्याचा हात देत होत्या. भिंत पुन्हा पांढरी झाली तेव्हा माझी परतीची एसटी निघून गेली होती.