घरचा खोकला

माझ्या सासरी खोकल्याला कुणी आजार म्हणतच नव्हतं. नाक, रंग, उंची यांच्यासारखा तो घरातल्या माणसांच्या अंगचाच समजत. सकाळ झाली की आधी सासूबाई खोकायच्या, मग न्हाणीघरातून नवरा, आणि सासरे होते तोवर ओसरीवरून त्यांचा खोकला सगळ्यांत मोठा. मी सानगडीची, शेतकऱ्याच्या घरची. धानाच्या चुरणीचा धुरळा लहानपणापासून अंगावर घेतलेली. पण आमच्याकडे खोकला आला की काढा व्हायचा आणि खोकला जायचा. इथे तो मुक्कामालाच होता, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात तो मलाही लागला. आधी शिंका, मग नाक बंद, मग पहाटेची ढास. मी घाबरून सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी हातातली परात खाली ठेवली आणि इतक्या खुलल्या की मी बघतच राहिले.

"लागला म्हणजे तुले आमच्या घरचा खोकला," त्या म्हणाल्या. "आता तू पक्की आमची झाली."

संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारीपाजारी पोचली होती. सून खोकते म्हणून आनंद करणारं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यात आणखी एक पंचाईत अशी की माहेरी गेले की चार दिवसांत माझा खोकला गायब व्हायचा आणि परत आले की पुन्हा सुरू. गल्लीतल्या बायांना आयतंच मिळालं. माहेरी गेली की बरी होते म्हणे, इथे काम पडतं ना. नवरा उघड बोलला नाही, पण हसला. आमच्या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर नाटकं काय कमी होतात, म्हणून मी घरात वेगळं लावलं होतं? मी ते हसू बरेच दिवस विसरले नाही.

आमचं घर मोहाडीकडच्या एका गावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत दोन माग आणि चौकात कापडाचं लहानसं दुकान. कोसा हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. कोसा म्हणजे जंगलात ऐनाच्या झाडावर किडे जी रेशमी घरटी करतात ती. वाळलेले कोसे पोत्यांनी विकत घ्यायचे, उकळायचे आणि मांडीवर तळहाताने पीळ देत त्यांचं सूत काढायचं. सूत काढण्यात सासूबाईंचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. कोशाला ओल आणि उंदीर चालत नाहीत, म्हणून पोती घरातल्या सगळ्यांत कोरड्या खोलीत राहायची. लग्न होऊन आले तेव्हा तीच खोली आम्हाला मिळाली. पोती पलंगाखाली आणि आम्ही पलंगावर.

सासरे गेले तेही खोकतच. शेवटचे दोन हिवाळे ते मधल्या खोलीत खाटेवर पडून होते. वय झालं होतं, घरचा खोकला होता, असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

मग आमची लेक खोकायला लागली. जेमतेम चार वर्षांची. पहाटे उठून बसायची आणि छातीतून शिटी वाजल्यासारखा आवाज यायचा. श्वास घेताना तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, आजोबांवर गेली आहे. त्या दिवशी मात्र माझा तोल सुटला. आजोबांचं नाक घेतलं असतं तर चाललं असतं, हे कसलं कौतुक, असं मी सासूबाईंच्या देखत ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन भंडाऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. नवरा मागून गुमान आला.

डॉक्टरांनी नीट तपासलं. ॲलर्जी आहे म्हणाले. आत्ताच हवा सांभाळली नाही तर दमा कायमचा मागे लागेल आणि हिची फुप्फुसं पुरती वाढायची नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग एकेक विचारत गेले. मांजर आहे का, कबुतरं आहेत का, भिंतींना ओल आहे का, घरात कुणी विडी ओढतं का. आम्ही नाही म्हणत गेलो. जवळ राइस मिल आहे, कोंडा उडतो, रस्त्याची धूळ येते, हे मात्र मी उत्साहाने सांगितलं. घरात काम काय चालतं, असं विचारल्यावर नवरा म्हणाला की कापडाचं दुकान आहे. त्याला चारचौघांत दुकानदार म्हणवून घ्यायला आवडतं. मीही पुढे काही बोलले नाही, कारण कोशाचा आणि खोकल्याचा संबंध मला स्वप्नातही सुचला नव्हता.

औषध आणि पंप देऊन त्यांनी घरी काय करायचं ते सांगितलं. पोरगी झोपते त्या खोलीत हवा शुद्ध करणारी मशीन लावा, झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसा, चादरी गरम पाण्यात धुवा, गाद्यांना ऊन द्या, पलंगाखाली सामान ठेवू नका. मी सगळं अक्षरशः पाळलं. पलंगाखालची ट्रंक गेली, जुन्या चपला गेल्या, कोहळे गेले. कोशाची पोती तेवढी राहिली.

"कोसा का सामान हाय?" सासूबाई म्हणाल्या, आणि मला ते पटलं. आमच्याकडे पूजेला बसायचं तर कोशाचं वस्त्र नेसून. ते सोवळं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पोत्यांनाही हळदकुंकू लागतं. जे देवाच्या अंगावर चालतं ते लेकराला काय करणार?

मशीन आली तेव्हा गल्ली बघायला लोटली. हवा धुते म्हणतात, मग पाणी कुठे घालायचं, असं एका काकूंनी विचारलं. मशीनला एक दिवा होता. हवा चांगली असली की हिरवा, खराब असली की लाल. आमच्या खोलीत मशीन लावल्याबरोबर तो लाल झाला आणि लालच राहिला. मशीनच बिघडलेली असणार म्हणून नवऱ्याने ती उचलून भंडाऱ्याच्या दुकानात नेली. तिथे भर बाजारात, दार सताड उघडं असताना, हिरवा दिवा. दुकानदाराने त्याच्याकडे असं बघितलं की नवरा मशीन काखोटीला मारून निमूट परत आला. घरी लावली, लाल.

मग मी ठरवलं की दोष बाहेरच्या हवेचा. खिडक्या घट्ट बंद केल्या, फटींत कापड कोंबलं, दार लोटून घेतलं. आणि पोरगी जास्तच खोकायला लागली. एका पहाटे तिचे ओठ निळसर दिसले. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये तिला बसवून आम्ही दवाखाना गाठला. वाटेत ती एकदाही रडली नाही, कारण रडायला लागणारा श्वास तिच्याकडे नव्हता. इतकं पुसून, धुऊन, उन्हात घालून हे असं कसं होतं, मला काही कळेना.

पोरीला घरी आणल्यावर नवऱ्याने वैतागून मशीन अंगणात नेली आणि उघडली. आतली जाळी साफ करायची असते हे आम्हाला ठाऊक होतं, पण मशीन नवीनच आहे म्हणून राहून गेलं होतं. मला वाटलं होतं, जाळीवर रस्त्याची काळी धूळ असेल, नाहीतर मिलचा कोंडा. जाळी बाहेर आली. तिच्यावर मऊ, फिकट सोनेरी थर होता. आम्ही तिघंही बघत राहिलो. तो रंग आमच्या घरात कुणालाही झोपेत ओळखता आला असता.

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी जाळीवरून चिमूटभर लव उचलली, लुगडं थोडं वर सरकवलं आणि नेहमीच्या सवयीने मांडीवर तळहाताखाली घेऊन पीळ दिला. सूत निघालं. बोटभर लांब, तुटकं, पण सूत. हे पोरीच्या छातीत जात होतं. आणि रोज संध्याकाळी खिडक्या लावून तिला त्या खोलीत कोंडत होते ती मी.

"हे धूळ नोहोय," सासूबाई म्हणाल्या. "हा आपलाच कोसा हाय."

नवरा म्हणाला, असं कसं होईल, आपण काय आज कोसा करतो का, खोकला आपल्या रक्तातच आहे. तेव्हा मला नणंद आठवली. ती लाखनीला दिलेली, घर हायवेलगत, दिवसभर ट्रकांचा धुरळा. लहानपणी ती या घरात सगळ्यांसारखीच खोकायची, आणि लग्नानंतर तिचा खोकला सुटला. लाखनीचं पाणी तिला मानवलं, असं सगळे म्हणायचे. मी अंगणात उभी राहून तिला फोन लावला. तिने सांगितलं की माहेरपणाला आली की अजूनही तिसऱ्या दिवशी ढास लागते, पण माहेरचा खोकला म्हणून ती कुणाला बोलत नाही. फोन ठेवला. या घरच्या रक्ताची ती, बाहेर जाऊन बरी झाली. मी परक्या रक्ताची, आत येऊन आजारी पडले. एवढी उघडी गोष्ट इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती आणि एकाही शहाण्याला दिसली नव्हती. मला गल्लीतल्या बायांचा राग येत होता, नवऱ्याचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

सासूबाईंना मात्र राग आला नव्हता. त्या ते बोटभर सूत हातात धरून तशाच बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"तुझ्या मामाजीले थंडी वाजे. मी पोते त्यायच्या खाटेले लावून ठेवत होती. ऊब राहते म्हणून."

त्या दोन हिवाळ्यांत सासऱ्यांच्या खाटेला पोती सरकवायला मीच सासूबाईंना हात लावला होता. सासूबाई उठल्या, पदर नाकाला बांधला आणि आमच्या खोलीतलं पहिलं पोतं स्वतः ओढत बाहेर काढलं. नवऱ्याला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

परसात, विहिरीपलीकडे पत्र्याचं छप्पर घातलं. पोती तिकडे गेली, कोसे उकळणं आणि सूत काढणं तिकडे गेलं. मागही हळूहळू तिकडे न्यायचे ठरले. डॉक्टरांना आम्ही खरं काय ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं. काम करताना नाकाला मास्क, काम झालं की अंघोळ आणि कपडे बदलूनच घरात पाऊल, असं त्यांनी सांगितलं. नवरा कुरकुरला, कोसा नेसला की सोवळं, इथे कोसा अंगावरून धुतला की सोवळं, हे उलटंच झालं म्हणाला, पण पाळायला लागला. खोली धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या. मशीनचा दिवा त्यानंतरही काही दिवस लाल-पिवळा होत राहिला आणि मग हिरवा झाला. तो हिरवा झालेला बघून मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकीच भरली. इतकी वर्षं आम्ही कशात झोपत होतो, ते त्या दिव्याने दाखवलं होतं.

डॉक्टरांनी सासूबाईंनाही तपासलं. त्यांच्या छातीचं आता फारसं काही होण्यासारखं नाही, जपायचं तेवढं, असं ते म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकलं आणि पोरीचं औषध दिवसातून किती वेळा द्यायचं, ते पुन्हा एकदा विचारून घेतलं.

पोरीची ढास एका दिवसात थांबली नाही. आधी शिटी कमी झाली, मग ती दुपारी खेळायला लागली, पण पहाटेचा खोकला काही जाईना. थंडी पडली तशी मी पुन्हा धास्तावले. आणि एका पहाटे सासूबाईंनी मला गदागदा हलवून उठवलं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. त्या पलंगाशी वाकून उभ्या होत्या आणि त्यांचा हात पोरीच्या नाकाखाली होता.

"पोरगी खोकलत काहून नाही?" त्या म्हणाल्या. "पाह्य ना तिले काय झालं ते."

मी धडपडून उठले. पोरीच्या छातीवर कान ठेवला. तोंड मिटून ती नाकाने श्वास घेत होती, संथ, एकसारखा, कुठेही न अडकता. मी त्यांना सांगितलं की काही झालं नाही, ती नुसती झोपली आहे. त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी पुन्हा नाकाखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. सगळं आयुष्य या घरात पहाटे खोकला ऐकू आला की माणसं जिवंत आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. खोकल्याशिवाय झोपलेलं लेकरू त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांना स्वतःला ढास आली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पाठ गदगदत होती तरी आवाज येऊ दिला नाही, आणि भिंतीला धरून मागच्या दाराने परसात गेल्या. दार बाहेरून ओढून घेतलं. मी पोरीजवळ बसून राहिले. विहिरीपाशी जाऊन त्या खोकत होत्या. मला ऐकू येत होतं. पोरगी झोपलेलीच होती.