कंडक्टरला खिडकी नसते

त्यांचं खरं नाव डेपोच्या हजेरीपटावर असेल तेवढंच. समुद्रकाठच्या त्या लांबलचक रस्त्यावर, पहिल्या बंदरापासून शेवटच्या जंगलापर्यंत, ते सगळ्यांचे सरकेभाऊ होते. "पुढे सरका, पुढे सरका" असं जन्मभर ओरडत राहिलेल्या कंडक्टरला लोक दुसरं काय म्हणणार? त्याच न्यायाने त्यांची बायको सरकेवहिनी झाली. वहिनींनी मात्र कधी कुणाला सरक म्हटलं नाही. त्यांना स्वतःलाच सरकायला जागा नव्हती.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसून काढायचं, चादरी धुवायच्या. भाऊ दिवसभर गाडीवर, तेव्हा सगळं वहिनींच्याच गळ्यात. म्हातारी चिवट निघाली. तिची सेवा करता करता वहिनींचे केस पिकले, पण कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे त्यांचा पाय काही पडला नाही.

संध्याकाळी भाऊ घरी आले, की पाण्याचा पेला हातात देत त्या विचारायच्या, "आज काय पाहिलंत?"

आता गंमत अशी, की भाऊंनी काहीच पाहिलेलं नसायचं. प्रवाशाला खिडकी असते, ड्रायव्हरला अख्खी काच असते; कंडक्टरला खिडकी नसते. त्याला दिसतात ते पुढे केलेले हात आणि लोकांची डोकी. रस्ता भाऊंना तळपायांतून कळायचा. अंग डावीकडे कललं की खाडीचा पूल, पोटात गोळा आला की दीपगृहाच्या गावाचा उतार. गाव आलं तरी स्टँडच्या भिंतीपलीकडे जायची सोय नव्हती. नियंत्रकाच्या खिडकीवर वेळ नोंदवायची, सीटखाली कुणाचं काही राहिलंय का बघायचं, नळावर तोंड धुवायचं, की गाडी निघाली परत. कुठल्या स्टँडवरचा नळ गळतो आणि कुठल्या टपरीवरचा चहा म्हणजे नुसतंच गरम पाणी, यावर ते तासभर बोलले असते.

पण दिवसभर चार भिंतींत राबलेल्या बाईला गळक्या नळाची गोष्ट काय सांगायची? मग ते प्रवाशांच्या तोंडून ऐकलेलं सगळं आपल्या नावावर खपवायचे. दीपगृहाचा गोल जिना ते चढलेले असत, मासळीबाजारातली भांडणं त्यांनी सोडवलेली असत. एक गोष्ट मात्र त्यांच्याच डोक्यातली होती. शेवटच्या थांब्यावरच्या राष्ट्रीय उद्यानात म्हणे एक प्रचंड झाड आहे आणि झाडाखाली लाकडी बाक.

"तिथे बसून मी तुझा डबा खातो," भाऊ सांगायचे. "समोर समुद्र. हरणं तर अगदी पायापाशी येतात. मग तुझी आठवण येते."

आठवण येते, एवढं खरं होतं.

पुढे सासूबाई गेल्या आणि भाऊही निवृत्त झाले. डेपोतल्या मंडळींनी चहा पाजून निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ उठून बघतात तो दाराशी पिशवी भरून तयार.

"चला," वहिनी म्हणाल्या. "आता मला सगळं दाखवा. दीपगृह, बाजार आणि तुमचा तो बाक."

भाऊंच्या पायाखालची वाळूच सरकली. "अगं, या दिवसांत वारा फार असतो."

"असू दे."

"तुझे गुडघे दुखतील."

"दुखू देत. माझेच आहेत."

बसमध्ये वहिनी खिडकीपाशी बसल्या आणि भाऊ सवयीने उभेच राहिले. शेवटी नवा कंडक्टर म्हणाला, "सरकेभाऊ, आज तुम्हीच जरा सरका." सगळी गाडी हसली. वहिनींच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान! दीपगृहाच्या गावी उतरल्यावर तर झाडूवाल्यापासून नियंत्रकापर्यंत सगळ्यांनी भाऊंना हाक मारली. भाऊ मात्र मनातल्या मनात देव आठवत होते, कारण स्टँडचं फाटक संपलं, की त्यांचं ज्ञानही संपत होतं.

ते उजवीकडे वळले. अगदी ऐटीत. बरंच चालल्यावर दोघं एका बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीशी येऊन थांबले. तिथे एक चांभार चप्पल शिवत होता. भाऊंनी हळूच विचारलं, "काय हो, दीपगृह आहे ना अजून तिथेच?"

चांभाराने मान वर केली. "नाही, जरा फिरायला गेलंय. येईल संध्याकाळपर्यंत."

वहिनींना हसू आवरेना. "वय झालं तुमचं," म्हणत त्यांनीच मागे वळून छपरांवरून डोकावणारा पांढरा मनोरा शोधून काढला. त्या दिवशी भाऊ वाचले. पण त्या रात्री धर्मशाळेच्या खाटेवर त्यांचा डोळा लागला नाही. दीपगृह निदान होतं तरी. बाक कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी उद्यानाच्या दारात वनरक्षकाने पिशवी बाहेर ठेवायला सांगितली. वहिनी म्हणाल्या, "अहो, पिशवीत डबा आहे. आम्हाला त्या मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसून जेवायचंय. हे रोज जेवायचे तिथे."

"काकू, आत खायचं काही नेताच येत नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून बंदी आहे. आणि बाक आत एकही नाही."

पिशवी त्याच्या टेबलावर ठेवून वहिनी पायवाटेला लागल्या. भाऊ मागोमाग. झाडं होती, हवी तेवढी मोठी. पार आत गेल्यावर, लाटांचा आवाज कानावर येऊ लागला तेव्हा त्या थांबल्या आणि वळून भाऊंकडे बघत राहिल्या.

"मी इथे कधी आलोच नाही," भाऊ म्हणाले. "दीपगृहही कालच पाहिलं. सगळं ऐकीव. तुला बरं वाटावं म्हणून सांगायचो."

"मग डबा कुठे खायचात?"

"गाडीतच. दारं लावून, मागच्या लांब सीटवर. लोक बाहेरून पत्रा बडवायचे, गाडी कधी सुटणार म्हणून."

"एकटेच?"

"दुसरं कोण असणार?"

वहिनी तिथेच एका मुळावर मटकन बसल्या.

"बरं वाटायला सांगायचात?" त्या म्हणाल्या. "जळायचे मी. तुमच्या आईला भरवताना, चादरी पिळताना तुम्ही डोळ्यांपुढे असायचात, त्या बाकावर. मला दोन घास उभ्याने गिळायला मिळायचे नाहीत आणि हा माणूस हरणं बघत जेवतो! इतका राग यायचा, की डब्यात मुद्दाम मूठभर मीठ टाकायचे."

भाऊ चकित झाले. "ते मुद्दाम होतं?"

"मग काय! आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"मला वाटायचं, दमलेली असतेस, हात चुकत असेल."

"तरी डबा रिकामा यायचा."

"रिकामा डबा बघून तुला बरं वाटायचं ना," भाऊ म्हणाले.

झाडांच्या फटीतून समुद्र दिसत होता, पण त्याच्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती. वहिनींनी भाऊंचा हात ओढून त्यांना शेजारी बसवलं.

"तुम्हीही कोंडलेलेच होतात की हो," त्या म्हणाल्या, "आणि मी मेली तुमच्यावर डूख धरून बसले."